शनिवारची मुलगी

मूल दत्तक घेण्यापूर्वी घरात मूल नसणं आवश्यक आहे, हा बालकल्याण कचेरीचा पहिला नियम. नियम चांगला आहे. मी पाणीपुरवठा खात्यात बिलं काढण्यात उभा जन्म घालवला, त्यामुळे चांगला नियम मला लांबून ओळखता येतो. आमच्या घरातल्या किसिएडू शिंप्याला मात्र तो पटला नाही, कारण जी मुलगी त्याला दत्तक घ्यायची होती ती त्या वेळी त्याच्याच दारात बसून मक्याचं केंके खात होती.

आमचं घर म्हणजे मधे अंगण, अंगणात एक नळ, भोवती सात खोल्या आणि खोल्यांत सात बिऱ्हाडं. आमच्या ओबोक्रोम गावात घरं अशीच असतात. सगळ्यांत जुना भाडेकरू म्हणून मी, डांक्वा, या घराचा अध्यक्ष. निवडणूक झाली नव्हती, पण कुणी हरकतही घेतली नव्हती. अंगणात मुलं किती, असं कुणी विचारलं तर मी 'पुष्कळ' असं सांगत असे. त्यांतली माझी पाच, म्हणजे माझी बायको ग्लाडिस म्हणते पाच. बाकीची इकडची तिकडची. आमच्याकडे पोरांची मोजदाद नसते. ज्याच्या चुलीवरचं आधी शिजेल त्याच्याकडे ती जेवतात आणि जो मोठा माणूस हाताशी असेल त्याचा मार खातात. ही आमची थोर परंपरा आहे आणि तिच्यावर मी प्रार्थनाघरात भाषणही केलेलं आहे.

या पोरांत एक पोरगी होती. सहाएक वर्षांची, काटकुळी, मोठ्या कपाळाची. फाटकाशी एक म्हातारी शेंगा विकायची आणि तिथेच पडवीत निजायची, तिची ही नात. म्हातारी वारली. तिच्या गावाकडची माणसं आली, मडं घेऊन गेली, टेबल घेऊन गेली, शेंगांची परातसुद्धा घेऊन गेली. पोरगी इथलीच कुणाची असेल, असं त्यांना वाटलं. पोरगी त्यांच्याबरोबर गेली असेल, असं आम्हाला वाटलं. आणि तरीही अंगणात जी दिसते ती दुसऱ्या खोलीतल्या कुणाची तरी असणार, असं प्रत्येक खोलीला वाटलं. मला ती ओवारे मास्तरांची वाटायची. मास्तरांना ती अल्हाजी सेइदूंची वाटायची. अल्हाजींना ती माझी वाटायची, आणि माझी दया येऊन ते तिच्या ताटात एक मांसाचा तुकडा जास्त टाकायचे.

पोरगी कामाची आहे, हे मात्र सगळ्यांना बरोबर दिसलं. सोमवारी ग्लाडिस कपडे धुते. तेव्हा पोरगी बादल्या भरून द्यायची आणि आमच्याकडे जेवायची. ग्लाडिसनं एकदा तिला नाव विचारलं, पण उत्तर यायच्या आत नळाचं पाणी गेलं, म्हणून तिनं आपलं सोमवारचं नाव ठेवून दिलं, अजोआ. आमच्याकडे प्रत्येक वाराचं एकेक नाव असतं आणि मूल ज्या वारी जन्मतं ते नाव त्याला आपोआप चिकटतं. ही कुठल्या वारी जन्मली कुणास ठाऊक, पण आमच्या दारात ती सोमवारी उगवायची, तेव्हा अजोआ. याच न्यायानं मंगळवारी मासेवालीकडे खवले काढताना ती अबेना असायची, बुधवारी पलीकडच्या दाईकडे अकुआ, गुरुवारी मणी विकणारीचं गाठोडं डोक्यावरून बाजारात नेताना याआ, शुक्रवारी अल्हाजींची मशिदीची चटई झटकताना अफिया आणि रविवारी ओवारे मास्तरांबरोबर प्रार्थनाघराची बाकं पुसताना अकोसुआ. कुठल्याही नावानं हाक मारा, ती यायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, आईबापांचं वळण चांगलं दिसतंय.

शनिवारी आम्ही सगळे काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या ना कुणाच्या मयताला जातो. घरी उरायचे फक्त किसिएडू आणि त्याची बायको ओफोरिवा, कारण गावाचे मयताचे कपडे शिवून शिवून शुक्रवारपर्यंत दोघांचे डोळे गेलेले असायचे. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. शनिवारी ती पोरगी त्यांच्या शिलाईमशीनपाशी चिंध्यांच्या ढिगावर दिवसभर झोपायची. ओफोरिवा तिला काम सांगत नसे. आम्ही संध्याकाळी परत आलो की तिचे केस विंचरलेले असायचे. 'काय ग अमा, मजा आहे,' असं आम्ही म्हणायचो, कारण वार शनिवार.

एके दिवशी ओफोरिवानं मला नळावर गाठलं.

"काका, ती पोर कुणाची आहे?"

"ओवारे मास्तरांची."

"मास्तरांना विचारलं. सातही खोल्यांना विचारलं. कुणाचीच नाही."

"असं कसं होईल? कुणाची तरी असणारच."

"असणारच," ती म्हणाली. "माझी आहे. आज रात्रीपासून ती आमच्याकडे झोपणार. तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून सांगितलं."

दुसरा कुणी अध्यक्ष असता तर 'बरं' म्हणून बादली उचलून निघून गेला असता. पण माझी सारी नोकरी सरकारी. मी तिला समजावलं की पोर म्हणजे काही कोंबडी नव्हे, नुसती आत घेऊन दार लावलं असं चालत नाही. उद्या कुणी येऊन हक्क सांगितला तर? सगळं कायदेशीर करून घे. ओफोरिवा घाबरली. तिला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, फक्त कुणी येऊन पोरीला घेऊन जाईल याची होती, आणि नेमकं तेच मी बोललो होतो. किसिएडू म्हणाला, "काका, तुम्हाला कचेरीची भाषा कळते, तुम्ही चला." हे ऐकून मला बरं वाटलं, हे कशाला लपवू.

बालकल्याण कचेरीतल्या लाम्प्टीबाई मनानं चांगल्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि नवराबायकोला विचारलं, "कसलं मूल हवंय?"

"ही," ओफोरिवा म्हणाली. पोरगी तिच्या झग्याला धरून उभी होती.

"असं बोट दाखवून मूल मिळत नाही, बाई. ही काय बाजारातली टोमॅटोची पाटी आहे? आधी तुमची तयारी. तयारी झाली की आमच्याकडे नोंदलेल्या निराधार मुलांपैकी एक सुचवलं जाईल."

"मग हिलाच नोंदवा ना."

"नोंदवू. सर्वेक्षण होईल तेव्हा नोंदवू. तोवर हिला घरात ठेवू नका. तयारीच्या काळात घरात मूल असलं तर तयारी कशाची चाललीय हे आम्हाला कळणार कसं?"

मी मान डोलावली. किसिएडूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान थांबवली.

तयारी जोरात झाली. वेगळी खाट, मच्छरदाणी, खिडकीला जाळी, वाळूची बादली आणि भिंतीवर सफरचंदाचं चित्र. सफरचंद आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही, पण आंब्याचं चित्र बाईंच्या नियमात नव्हतं. दर बुधवारी पालकत्वाचा वर्ग. तिथे ओफोरिवाला रडणाऱ्या मुलाला शांत करायच्या नऊ पद्धती शिकवल्या. दहावी, म्हणजे उचलून घेणं, शिकवली नाही. आणि शेवटी सरावासाठी एक बाळ दिलं. प्लास्टिकचं, निळ्या डोळ्यांचं, कचेरीचा शिक्का तळपायावर. त्याला वेळेवर जेवू घालायचं, खाटेवर निजवायचं, आणि बाई अचानक येऊन त्याची प्रकृती पाहणार.

त्यामुळे असं झालं की बाहुली मच्छरदाणीत झोपायची आणि पोरगी पडवीत. ओफोरिवाला हे बघवत नव्हतं. ती रात्री दारात बसायची, उंबरठ्याच्या आत. पोरगी उंबरठ्याच्या बाहेर, आणि दोघी बोलत राहायच्या. नियम मोडू नये म्हणून किसिएडूनं उंबरठ्यावर खडूची रेघ मारली होती. मला त्याचा अभिमान वाटला. दिवसा नवराबायको शिवणात बुडाले की पोरगी खिडकीची जाळी सरकवून बाहुली बाहेर काढायची, पाठीला फडक्यानं बांधायची आणि तिला घेऊन आमच्या बादल्या भरायची.

बाई आल्या तेव्हा बाहुलीचे केस विंचरलेले होते, तोंड पुसलेलं होतं. त्यांनी शेरा दिला, 'बाळाची निगा उत्तम.' मग अंगणातल्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "बाहेरच्या मुलांनी सराव-बाळाला हात लावू नये."

यानंतर सर्वेक्षण आलं. मी आधीच सगळ्या खोल्यांत फिरून बजावून ठेवलं होतं की बाई विचारतील, घरात निराधार मूल आहे का, तर 'आहे' म्हणायचं, कच खायची नाही, ओफोरिवाचं भलं होणार आहे. एवढ्या उत्साहानं आमच्या घरानं सरकारला कधीच मदत केली नव्हती. बाईंनी प्रत्येक बिऱ्हाडाला वेगवेगळं बोलावलं, कारण साक्षी एकत्र घेत नसतात.

ग्लाडिस म्हणाली, "आहे ना. अजोआ. फार गरीब पोर." मासेवाली म्हणाली, "अबेना. सुरी चालवते छान." दाई म्हणाली अकुआ, मणीवाली म्हणाली याआ. अल्हाजी तर डोळे पुसत बोलले, "अफिया. आजवर मला वाटायचं ती डांक्वाची आहे. त्याच्या घरी खायचे वांधे असतील म्हणून मी काही बोललो नाही." ओवारे मास्तर म्हणाले अकोसुआ, आणि तिच्यासाठी एक प्रार्थनाही म्हटली. आठवडाभर साक्षी घेऊन बाई जायला निघाल्या ती शनिवारची संध्याकाळ होती. मयताहून परतलेल्या कुणीतरी शिंप्याच्या दाराकडे बघून 'काय ग अमा' म्हटलं, तेव्हा बाईंनी फाटकात थांबून तेही लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून निरोप आला की आपल्या घरात सात निराधार मुली आढळल्या असून ही जिल्ह्यातली सर्वांत मोठी कामगिरी आहे.

मी तडक कचेरीत गेलो. लाम्प्टीबाईंच्या टेबलावर हार होता. वरिष्ठांनी पाठवलेला.

"बाई, थोडी गडबड झालीय. त्या सात नाहीत, ती एकच आहे."

"सात साक्षीदार, सात नावं, सात वार," बाई म्हणाल्या. "तुमच्या पत्नीनं सोमवारच्या मुलीबद्दल खोटं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"छे छे. खरंच सांगितलं. पण ती सोमवारची मुलगी म्हणजेच मंगळवारची."

"म्हणजे सोमवारची मुलगी नाहीच, असं मी लिहू?"

"सोमवारची आहे, बाई. इतर दिवसांच्या नाहीत."

"मूल नोंदवायला माझी सही पुरते, डांक्वा. मूल खोडायला थेट राजधानीतून, अक्र्याहून, मंजुरी लागते. सहा मुली खोडायच्या म्हणजे सहा चौकशा. त्या मुली गेल्या कुठे, हे मला विचारतील, आणि मी तुम्हाला विचारेन. बोला, खोडू?"

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. खात्यात असताना मीही एका बंद पडलेल्या नळाचं बिल निवृत्त होईपर्यंत काढत होतो. नळ खोडायचे अधिकार मला नव्हते. मी म्हटलं, "असू देत सात."

ओफोरिवाला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सात म्हणा नाहीतर सत्तर. मला माझी मिळणार ना?"

आता सात मुलींचे सात फोटो हवे होते, आणि एकाच झग्यात चालणार नव्हते, कारण मग कुणाचा कुठला हे कळलं नसतं. किसिएडूनं सात झगे शिवले. पोरीचं माप त्यानं घेतलं नाही, हात चालू ठेवून नुसता एकदा तिच्याकडे बघत गेला आणि सातही झगे अंगाला बसले. तिच्या जन्मात तिला एकही नवा झगा मिळाला नव्हता, सरकारी कृपेनं सात मिळाले. शनिवारच्या फोटोत ती हसली, कारण शेवटचा होता आणि मागे ओफोरिवा उभी होती.

हे फोटोच आमच्या मुळावर आले. बाईंनी ते टेबलावर मांडले आणि त्यांचे डोळे भरून आले. "बघा हो, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. सख्ख्या बहिणी आहेत या."

सख्ख्या बहिणींची ताटातूट करायची नाही, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. सातही जणी एकाच घरी द्यायच्या, नाहीतर एकही नाही. आणि किसिएडूची खोली एकाच मुलाला पुरेल एवढी, हे बाईंनीच पट्टी लावून ठरवलेलं. तेव्हा अर्ज नामंजूर. किसिएडूला सराव-बाळ परत करायला सांगितलं, आणि मुलींसाठी उद्या अनाथाश्रमाची गाडी येईल हेही.

त्या संध्याकाळी शिंप्याचं मशीन वाजलं नाही. ओफोरिवानं खडूची रेघ पायानं पुसली, पोरीला आत घेतलं आणि दार लावलं. मी बाहेरून म्हटलं, "ओफोरिवा, हे बेकायदा आहे."

"हो," ती आतून म्हणाली. "आणि उद्या गाडी येऊन तिला अक्र्याच्या अनाथाश्रमात नेणार, ते कायदेशीर आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, काका, कुणी येऊन हक्क सांगेल म्हणून? सांगितला. एरवी कुणी सांगितला असता? ज्या कचेरीला ती ठाऊकच नव्हती तिला तुम्ही घर दाखवलंत."

मला राग आला. लोकांसाठी झिजायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. ग्लाडिस म्हणाली, "अहो, राग नंतर करा, आधी काहीतरी करा." म्हणून सकाळी मी पुन्हा कचेरी गाठली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरकारशी वाद घातला.

"बाई, या सातही जणी सहा वर्षांच्या आहेत. एका आईला एका वर्षात सात मुली, त्याही सात वेगवेगळ्या वारी, होतील का?"

लाम्प्टीबाईंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "नाही होणार. म्हणजे या बहिणी नाहीत."

"मुळीच नाहीत."

"एकमेकींशी काही संबंध नाही."

"ओळखसुद्धा नसेल," मी म्हणालो.

झालं. ताटातुटीचा कायदा गळून पडला. किसिएडूची खोली एका मुलाची, त्यांना एक मूल मंजूर झालं: शनिवारची अमा. ओफोरिवानं माझे पाय धरले. मी म्हटलं, असू दे, असू दे. त्यानंतर बाईंनी सांगितलं की उरलेल्या सहा जणींचीही सोय लागली आहे. वर्षानुवर्षं मुलासाठी ताटकळणारी अक्र्याची सहा चांगली कुटुंबं आहेत, सहाही मोटारवाली. सगळ्यांना फोटो पसंत पडले आहेत. सोमवारी दहा वाजता सगळे मुली न्यायला येतील.

किसिएडूनं मला विचारलं, "काका, सोमवारी नेमकं होणार काय?"

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे होईल." दुसरं काय सांगणार? मलाही ते कळत नव्हतं. पण एवढं दिसत होतं की पहिली मोटार ज्याची, पोर त्याची, आणि शिंप्याकडे मोटार नव्हती.

सोमवारी कचेरीचा शिपाई कुलूप काढायला आला तेव्हा ओफोरिवा पायरीवर बसलेली होती. शेजारी किसिएडू, त्याच्या डोक्यावर शिलाईमशीन, आणि मधे ती पोरगी, शनिवारच्या झग्यात. लाम्प्टीबाईंनी आदेश वाचला, पोरीला विचारलं, "तू अमा का?" पोरीनं ओफोरिवाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. बाईंनी शिक्का मारला, ओफोरिवाचा अंगठा घेतला, अभिनंदन केलं. सगळं अगदी कायदेशीर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डांक्वा, आता बाकीच्या सहा जणींना अंघोळी घालून दहापर्यंत घेऊन या. लोक लांबून येतायत."

मागे वळून पाहिलं तर शिंप्याचं बिऱ्हाड मशीनसकट निघून गेलं होतं. मी बसस्टँडकडे पळालो. कुमासीची बस भरत आली होती, मशीन टपावर बांधून झालं होतं. ओफोरिवा खिडकीत.

"ओफोरिवा, एवढं ऐक," मी धापा टाकत म्हणालो. "पोरीला दुपारपर्यंत उसनी दे. सहा सह्या झाल्या की आणून देतो."

"काका, आमच्या नावावर एकच मूल आहे. ते बसमध्ये बसलंय."

"अगं, मग त्या सहा जणी मी कुठून आणू?"

"तुमच्या सहाही खोल्यांनी शपथेवर सांगितलंय ना, त्या आहेत म्हणून? मग असतील. शोधा." मग ती मागे वळून म्हणाली, "जीफा, काकांना टाटा कर." पोरीनं हात हलवला. हे नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, हे कुणी ठेवलं, तर किसिएडू म्हणाला, "तिच्या आजीनं. पहिल्याच शनिवारी पोरीनंच सांगितलं होतं. आम्ही विचारलं होतं ना." बस निघाली.

दहा वाजता कचेरीसमोर सहा मोटारी उभ्या होत्या आणि ओबोक्रोममधून सहा मुली बेपत्ता झालेल्या होत्या.

चौकशी बसली. साक्षीदारांनी काही लपवलं नाही. 'अजोआला शेवटचं केव्हा पाहिलंत?' 'सोमवारी.' 'अबेनाला?' 'मंगळवारी.' पोलिसांच्या लक्षात आलं की कुठलीतरी टोळी रोज एक मुलगी पळवत होती. गाव हादरलं. एवढा जिव्हाळा मी ओबोक्रोममध्ये पूर्वी पाहिला नव्हता. प्रार्थनाघरात रात्रभर प्रार्थना झाल्या, मशिदीत दुआ झाल्या. सहा फोटो छापलेले बनियन निघाले. मीही एक घेतला, जरा आखूड पडतो. आमदारांनी सहा मुलींच्या नावे शाळेत सहा बाक राखून ठेवले. ओवारे मास्तर रविवारी अकोसुआच्या आठवणीनं इतके रडले की बाकं पुसायची राहिली. मीसुद्धा रडलो. मला माहीत होतं त्या मुली नाहीत, पण सगळे रडत असताना अध्यक्षानं कोरडं राहणं बरं दिसत नाही.

शेवटी अक्र्याहून दम आल्यावर लाम्प्टीबाईंनी रेडिओवर निवेदन दिलं. मजकूर मीच लिहून दिला: 'सहा मुली हरवल्या आहेत. वय सुमारे सहा. अंगानं काटकुळ्या. पाणी भरतात, भांडी घासतात, ओझी वाहतात. काही मागत नाहीत. कुठल्याही नावानं हाक मारली की येतात. अशी मुलगी कुणाच्या घरी आढळल्यास कचेरीत आणून द्यावी. बक्षीस मिळेल.'

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीसमोर रांग लागली.

रांग कचेरीपासून निघून बाजाराला वळसा घालून बसस्टँडपर्यंत गेली होती. वकील होते, डॉक्टरीणबाई होत्या, शाळेचे हेडमास्तर होते, आमदारांच्या घरचा माणूस होता. प्रत्येकाच्या हाताला एकेक मुलगी. "आमच्या स्वयंपाकघरात होती, मला वाटलं सासूबाईंनी गावाकडून आणली." "आमच्या दुकानात झाडते, भाऊ म्हणाला राहू दे." "दोन वर्षं आहे आमच्याकडे, कुणाची ते माहीत नाही, पण वर्णन तंतोतंत जुळतंय." लाम्प्टीबाई दारात आल्या, रांगेचं टोक दिसेना म्हणून खुर्चीवर चढल्या, आणि खाली उतरून मला म्हणाल्या, "डांक्वा, मला सहाच हव्यात हो."

मग त्यांनी किसिएडूनं शिवून मागे ठेवलेले सहा झगे मागवले आणि ज्या सहा जणींच्या अंगाला ते बसले त्यांना आत घेतलं. अक्र्याच्या सहा कुटुंबांनी त्या नेल्या. एक बाई म्हणाल्या, "फोटोपेक्षा जरा सावळी आहे, पण चालेल." प्रकरण बंद झालं, लाम्प्टीबाईंची बढती झाली.

राहता राहिली रांग. बाईंनी पायरीवरून जाहीर केलं, "हरवलेल्या सगळ्या मुली सापडल्या आहेत. उरलेल्या हरवलेल्या नाहीत. ज्यांनी ज्या घरून आणल्या त्यांनी त्या घरी परत न्याव्यात."

आणि त्या परत गेल्या. एकीनंही कुरकुर केली नाही. कुणी 'ए' म्हटलं, कुणी 'चल ग' म्हटलं, तशी एकेक आपापल्या माणसामागून चालू लागली. मी सहा मुलींचा बनियन घालून पायरीवर उभा होतो आणि माझ्यासमोरून त्या अर्धा तास जात होत्या.

तुम्ही म्हणाल, त्या देशातले लोकच तसे. म्हणा, माझी हरकत नाही. फक्त एवढं सांगा: हे वाचता वाचता तुमच्या हाताशी चहाचा कप आला असेल. तो ठेवून जी आत गेली, तिचं नाव काय?